बाबासाहेबांपुढे निरुत्तर झालेले बिशप

बिशप अझरिया यांच्याविषयी माझं मत बरीच वर्षं प्रतिकूल होतं आणि ते मी कधी लपवलंही नाही. आता ते बदललं आहे. ज्यांच्यापुढे मी पूर्वी तावातावाने बोलले, त्यांना ते का बदललं हे कळायला हवं, म्हणून लिहिते आहे.

वेदनायगम सॅम्युएल अझरिया हे नाव महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांनाही फारसं ठाऊक नाही, मग इतरांना कुठून असणार? तिरुनेलवेलीकडचं वेल्लालनविळै हे त्यांचं गाव, समाज नाडार, वडील अँग्लिकन पाळक. जन्म १७ ऑगस्ट १८७४ चा. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कथीड्रलमध्ये त्यांचा अभिषेक झाला आणि अँग्लिकन चर्चला पहिला भारतीय बिशप मिळाला. समारंभाला बंगालचे गव्हर्नर जातीने हजर होते. १ जानेवारी १९४५ ला अझरिया वारले, तोवर स्वतःचा धर्मप्रांत सांभाळणारे भारतीय अँग्लिकन बिशप तेवढे एकच राहिले.

मी इतिहासाची शिक्षिका. माझा निकाल ह्या शेवटच्या गोष्टीवरच लागला होता. बत्तीस वर्षं एकटाच भारतीय माणूस त्या खुर्चीवर, म्हणजे जगाला दाखवायला साहेबाने पुढे केलेला माणूस, असं मी म्हणायची. आमच्या घरात येशूच्या तसबिरीशेजारी बाबासाहेबांची तसबीर होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे त्यात शीख आले, बौद्ध आले, ख्रिस्ती झालेले महार-मांग मात्र बाहेरच राहिले. त्यासाठीच्या मोर्चांत मी चालले आहे. ज्यांना दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, त्यांच्यापुढे गव्हर्नरसाहेबांच्या साक्षीने बिशप झालेल्या माणसाचं कौतुक काय सांगायचं?

दुसरं कारण त्यांच्या कामाचं. अझरिया ओळखले जातात ते चर्च-ऐक्यासाठी. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथॉडिस्ट अशा वेगवेगळ्या मंडळ्यांचं एक चर्च व्हावं म्हणून ते पंचवीस वर्षं झटले. ह्या असल्या कामाला मी पोटभरल्यांची चर्चा म्हणत असे. समित्या, मसुदे, दुरुस्त्या, पुन्हा समित्या. भांडणं युरोपातली, मिटवायची तर त्यांनी मिटवावीत. आमच्यापुढे भाकरीचा आणि जातीचा प्रश्न उभा असताना ह्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटत नव्हता.

खरं तर ह्या भांडणांची झळ आमच्या घरालाही लागली होती, पण तिचा अर्थ तेव्हा मी लावला नाही. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ मध्ये. ते काँग्रिगेशनल, बिशप न मानणारं. प्रत्येक मंडळीने आपला पाळक आपण निवडायचा, आपला कारभार आपण पाहायचा. पुढे अँग्लिकनांचं एस.पी.जी. मिशन आलं. आईचं माहेर बिशपवाल्यांचं, वडिलांचं घर अमेरिकन मिशनचं. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात दोघं आजोळी गेले. प्रभुभोजनाची वेळ झाली तसं सगळं घर उठून वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायला गेलं आणि जावई एकटा बाकावर बसून राहिला. बिशपच्या हातून दृढीकरण झालं नसेल तर भाकर नाही, प्याला नाही, असा तेव्हा त्यांच्याकडे नियमच होता. आजीने दुपारी पहिलं ताट जावयाला वाढलं आणि पोळीवर तूप जरा जास्तच वाढलं, असं आई सांगायची. वडील त्याविषयी कधीच बोलले नाहीत.

आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला, म्हणजे सी.एन.आय.ला, पन्नास वर्षं होत होती तेव्हा मंडळीत मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी कडक बोलायचं ठरवलं होतं. टीका करायची तर माहिती पक्की हवी, म्हणून अझरियांविषयी जे मिळेल ते वाचायला घेतलं. टिपणं काढायला सुरुवात केली आणि पहिला धक्का बसला तो एडिंबराचा.

जून १९१०. जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनांची परिषद स्कॉटलंडच्या राजधानीत भरली होती. बाराशेच्या वर प्रतिनिधी, त्यांत आशियातले वीससुद्धा नव्हते. पस्तिशीचे अझरिया बोलायला उभे राहिले. विषय होता परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांचं सहकार्य, म्हणजे आभार मानून खाली बसायला अगदी सोयीचा. त्यांनी काय सांगितलं? मिशनरी आमच्यासाठी पैसा देतात, प्राणही वेचतात. पण वर्षानुवर्षं एकत्र काम करूनही आम्हाला घरी जेवायला बोलावत नाहीत, आमच्याशी हस्तांदोलन करताना अवघडतात. उपकारकर्ते पुष्कळ झाले, आम्हाला मित्र द्या. सभागृहात चुळबुळ झाली, काही मिशनरी चिडले. ज्यांच्या मर्जीवर त्यांचं काम चालायचं, त्यांच्याच घरी जाऊन, त्यांच्याच व्यासपीठावरून ते हे बोलले होते. दाखवायला पुढे केलेला माणूस असं बोलत नाही.

मग १९१२ ची कथाही नीट वाचली. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड ह्यांनी अझरियांसाठी आग्रह धरला खरा, पण विरोध दोन्हीकडून झाला. इंग्रज मिशनऱ्यांना भारतीय माणसाच्या हाताखाली काम करणं मानवत नव्हतं. तिरुनेलवेलीतल्या वरच्या जातींच्या ख्रिस्ती लोकांना नाडार बिशप नको होता. निझामाच्या राज्यातल्या डोर्नकलचा लहानसा धर्मप्रांत त्यांच्या वाट्याला आला, तो असा की त्यात गोऱ्या मिशनऱ्यांचा प्रश्नच फारसा येऊ नये. १९२० मध्ये ह्या धर्मप्रांताला तेलुगू मुलखातले इतर भाग जोडले गेले आणि इंग्रज मिशनरी त्यांच्या अधिकाराखाली आले. गव्हर्नरच्या हजेरीवरून मी जे ठरवून टाकलं होतं, त्यात ह्यातलं काहीच नव्हतं.

डोर्नकलला मी जाऊन आले. काझीपेठहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हे जंक्शन लागतं. इथे अझरिया बिशप होण्याआधीच, १९०९ मध्ये, मिशनरी म्हणून आले होते. कुणाही इंग्रज संस्थेने त्यांना पाठवलेलं नव्हतं. १९०३ मध्ये तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःची माणसं पाठवणारी इंडियन मिशनरी सोसायटी काढली, तिच्या संस्थापकांत ते होते. तमिळ माणूस, वय पस्तिशीकडे झुकलेलं, आणि बाराखडीपासून तेलुगू शिकून बैलगाडीने गावं पालथी घालायला लागला. त्यांच्या पत्नी अंबू मरियम्मल कॉलेजात शिकलेल्या, दक्षिणेतल्या त्या पिढीत अशा स्त्रिया विरळा. त्यांनी तिथल्या बायकांमध्ये काम केलं. ज्यांच्यात ही दोघं वावरत होती ते बहुतेक माला आणि मादिगा. आपल्याकडच्या वाचकांना चटकन कळावं म्हणून सांगते, आपल्याकडे महार-मांग तसे तिकडे हे. गावकुसाबाहेर दोघांच्या वस्त्या वेगळ्या, पाणी वेगळं, आणि एक दुसऱ्याच्या हातचं खाणार नाही.

डोर्नकलचं कथीड्रल ६ जानेवारी १९३९ ला, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, अर्पण झालं. बांधकाम जवळपास पंचवीस वर्षं रखडत रखडत चाललं, कारण पैसा नव्हता. लांबून घुमट दिसतात आणि मशीद वाटते. जवळ गेलं की देवळाच्या मंडपातल्यासारखे खांब दिसतात, दगडात कोरलेली कमळं दिसतात. मी एका खांबाला हात लावून बराच वेळ उभी राहिले. इंग्लंडमधल्या कुठल्याही गावच्या चर्चची नक्कल इथे उभी करणं सोपं होतं आणि साहेबांना आवडलंही असतं. तसं केलेलं नाही.

आत कठड्यापाशी उभी असताना मला एकाच गोष्टीचा विचार येत होता. ह्या धर्मप्रांतात माला आणि मादिगा एकाच कठड्याशी शेजारी शेजारी गुडघे टेकत आणि एकच प्याला एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांकडे जात असे. हे आपोआप झालेलं नाही. बाप्तिस्मा घेतला तरी माणसं प्याल्यापाशी अडत. आधी त्यांना, मग आम्हाला, किंवा आम्हाला वेगळा, असा हट्ट धरत. अझरिया ह्यात तडजोड करत नसत. ज्याला दुसऱ्या जातीच्या माणसाबरोबर पिता येत नाही त्याला अजून ख्रिस्ती होणं समजलेलं नाही, ही त्यांची भूमिका. बाप्तिस्मा घेणाऱ्याला ते स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवायला लावत आणि मिळालेली सुवार्ता दुसऱ्याला सांगण्याची शपथ घ्यायला लावत. ज्याला गावाने उभ्या आयुष्यात कधी काही विचारलं नाही, त्याला सांगण्यासारखं काही आहे, हे ते त्याच्याच तोंडून वदवून घेत. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या धर्मप्रांतातल्या ख्रिस्ती लोकांचा आकडा दोन लाखांच्या पलीकडे गेला होता.

आता ट्रंकेबार. १९१९ च्या मे महिन्याची १ आणि २ तारीख. १७०६ मध्ये पहिले प्रोटेस्टंट मिशनरी ज्या किनाऱ्यावर उतरले, त्याच गावात तेहतीस माणसं जमली. दोन सोडली तर सगळे भारतीय. अझरिया आणि त्यांचे वायएमसीएच्या दिवसांपासूनचे अमेरिकन स्नेही शेरवूड एडी, दोघेही तिथे होते. अँग्लिकन आणि साउथ इंडिया युनायटेड चर्च ह्यांनी एक व्हावं असं आवाहन त्यांनी काढलं. त्यातला मुद्दा माझ्या मनात बसला तो असा: ही फूट आमची नाही, आम्ही ती केली नाही आणि आम्हाला ती नको आहे, बाहेरून आलेल्या भांडणांनी आम्हाला आमच्याच भावांपासून तोडलं आहे. आईच्या माहेरचा तो नाताळ मला इथे आठवला. ज्या गोष्टीला मी साहेबांचं भांडण म्हणून झटकून टाकत होते, तिला हे लोक साहेबांचं भांडण म्हणूनच नाकारत होते, आणि नाकारायचं तर काहीतरी बांधावं लागतं हे त्यांना कळलेलं होतं.

तरीही ऐक्याचा आणि जातीचा संबंध मला पूर्ण कळला तो बाबासाहेबांमुळे.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर सगळ्या धर्मांचे लोक त्यांना भेटू लागले. अझरियाही भेटले. त्यांच्या चरित्रात ह्या भेटीची नोंद आहे. बाबासाहेबांनी दोन गोष्टी विचारल्या. आम्ही ख्रिस्ती झालो तर जिथे जिथे राहू तिथे सगळे एकाच चर्चमध्ये असू का? आणि जातीचा विटाळ तिथे पूर्णपणे संपलेला असेल का? अझरियांना ‘हो’ म्हणता आलं नाही. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, असं त्यांनी नंतर सांगितलं.

हे वाचल्यावर मी टिपणं बाजूला ठेवली. बाबासाहेबांच्या दृष्टीने तो एकच प्रश्न होता, त्याला दोन बाजू होत्या. वस्तीच्या वस्ती उठून जाणार, तर ती पलीकडे एकसंध उतरली पाहिजे. अर्धी अँग्लिकनांकडे, पाव मेथॉडिस्टांकडे, उरलेली बॅप्टिस्टांकडे गेली, की जिचं बळ तिच्या संख्येत आहे ती वस्तीच मोडली. वर जुनी जात नव्या मंडळीच्या नावाखाली सुखाने नांदायला मोकळी. माला एका मिशनचे आणि मादिगा दुसऱ्या मिशनचे, असं आंध्रात ठिकठिकाणी झालंच होतं. कायदेपंडिताला जे एका भेटीत दिसलं ते अझरिया त्याआधी सोळा वर्षं समित्यांमधून घसा कोरडा करून सांगत होते. १९२७ मध्ये लोझानच्या जागतिक परिषदेत त्यांनी युरोपियनांना बजावलं होतं की तुमच्याकडे ही फूट कमजोरी असेल, आमच्याकडे ती पाप आहे. मी हे भाषणही पूर्वी वाचलं होतं, पण धर्मपंडितांची भाषा म्हणून पुढे गेले होते.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म घेतला नाही तो एवढ्यासाठीच, असं कुणी समजू नये. त्यांची कारणं त्यांनी विस्ताराने मांडलेली आहेत. पण हा प्रश्न त्यांनी विचारला होता आणि त्याचं उत्तर तयार नव्हतं, एवढं खरं.

मसुद्यांकडेही मी मग वेगळ्या नजरेने पाहिलं. अँग्लिकनांच्या मते बिशपांनी डोक्यावर हात ठेवून दिलेली दीक्षा प्रेषितांपासून अखंड चालत आलेली. ती नसेल तर पाळक पुरता पाळक नाही. इतरांना हे अपमानास्पद वाटे, आणि का वाटू नये? माझ्या वडिलांच्या मंडळीने निवडलेला पाळक खोटा कसा? अखेर तोडगा निघाला तो असा: एकीकरणाच्या दिवशी जे पाळक आहेत ते सगळे जसेच्या तसे स्वीकारायचे, कुणालाही पुन्हा दीक्षा द्यायची नाही, पुढच्या सगळ्या दीक्षा बिशप देतील, दोन्ही रीती एकमेकींत मुरायला तीस वर्षं द्यायची, आणि कुठल्याही मंडळीवर तिच्या मनाविरुद्ध पाळक लादायचा नाही. कुणाला खाली न बसवता सगळ्यांना एका पंगतीत बसवायचं तर ह्याहून चांगली तरतूद मला सुचत नाही. इंग्लंडमधल्या कडव्या अँग्लिकनांनी त्याविरुद्ध रान उठवलं. ह्या वादात आपल्याच चर्चमधल्या लोकांची नाराजी पत्करणाऱ्या अँग्लिकन बिशपाला काय सोसावं लागलं असेल, ह्याचा विचार मी आधी केला नव्हता.

अझरियांनी शेवट पाहिला नाही. ते गेले आणि त्याच महिन्यात भारतातल्या अँग्लिकन चर्चच्या महासभेने योजनेला मान्यता दिली. २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासच्या सेंट जॉर्जेस कथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं. बिशप मानणारी आणि न मानणारी मंडळी एका छत्राखाली आल्याचं जगातलं ते पहिलं मोठं उदाहरण. पण त्यांच्या स्वतःच्या धर्मप्रांतातला नंद्यालचा भाग बाहेर राहिला, तो १९७५ पर्यंत. ज्या माणसाने हे घडवलं त्याच्याच घरातला एक कोपरा अठ्ठावीस वर्षं आला नाही. हे वाचून मला वाईट वाटलं.

उत्तर भारतात ही गोष्ट घडायला आणखी काळ गेला. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ते नागपुरात. अमेरिकन मिशनांतून आलेले मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. आमच्या नगरकडची दोन्ही मिशनं मात्र त्या दिवशी एका चर्चमध्ये आली आणि त्यानंतर माझे वडील आजोळच्या चर्चमध्ये आईच्या शेजारी कठड्याशी गेले. त्याच नागपुरात चौदा वर्षं आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी लाखोंना घेऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. माणसं एकसंध पलीकडे गेली. अझरियांना विचारलेल्या प्रश्नाचं आमच्या बाजूने अर्धंमुर्धं उत्तर नागपूरला पोचलं तोवर विचारणारा दुसऱ्या वाटेने केव्हाच पुढे निघून गेला होता. ही दोन वर्षं शेजारी मांडून मी मंडळीत बोलले. जे बोलायचं म्हणून ठरवून गेले होते त्यातलं फारच थोडं बोलले.

सगळंच पटलं असं नाही. ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघांना अझरियांनी विरोध केला. चर्चचा राजकीय गट होऊ नये, शेजाऱ्यांशी वैर येऊ नये, हा त्यांचा विचार मी समजू शकते. येरवड्याला १९३२ मध्ये गांधीजींच्या उपोषणाने बाबासाहेबांवर काय दबाव आला ते माहीत असलेल्या माणसाला तो पुरेसा वाटणार नाही, मलाही वाटत नाही. ज्यांना संसदेत कुणी विचारत नाही अशा दलित ख्रिस्ती लोकांनी ह्या उदारपणाची किंमत पुढे मोजली. पण गांधीजींनी १९३६ मध्ये हरिजनांना धर्माधर्मांतला फरक कळत नाही अशा अर्थाचं लिहिलं-बोललं, तेव्हा अझरिया ठामपणे उभे राहिले. माला-मादिगांना बुद्धी आहे, आत्मा आहे, निवड करण्याचा अधिकार आहे, हे ते रोज बैलगाडीतून उतरून पाहत होते. त्या वादात मी पूर्वी दोघांनाही सारखंच दूर ठेवत असे. आता अझरियांच्या बाजूने आहे.

आणि बाबासाहेबांनी विचारलेली दुसरी बाजू अजून तशीच पडून आहे. मिशनांची नावं आमच्यात आता म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरली आहेत, पण सोयरीक जुळवताना मूळ जात अजून विचारली जाते, पाळक कोणत्या समाजातला हे नेमणुकीआधी विचारलं जातं, आणि हे सगळे एकाच प्याल्यातून पितात. अझरियांनी प्याल्यापाशी तडजोड केली नाही. आम्ही प्याला एक ठेवून बाकी सगळीकडे केली. आमच्या मंडळीच्या समितीत मी मागणी केली आहे की दृढीकरणाच्या वर्गात मुलांना अझरिया आणि बाबासाहेब यांच्या भेटीविषयी शिकवावं, दोन्ही प्रश्न जसेच्या तसे सांगावेत आणि दुसऱ्याचं आपल्या गावातलं उत्तर मुलांना स्वतः शोधायला लावावं. ज्येष्ठांपैकी काहींना हे नको आहे. मुलांच्या डोक्यात नसती जात कशाला घालायची, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा येणार आहे आणि मी तो सोडणार नाही.